अक्षरांची खेळणी करायला सांगणारा संत : जेरोम



पहिलीच्या वर्गात दरवर्षी एक तरी मूल असं असतं. अंकलिपी तोंडपाठ. अ पासून ज्ञ पर्यंत न अडखळता म्हणून दाखवतं. आई-बाबा कौतुकाने बघत असतात. मग आपण मधल्याच एका अक्षरावर, समजा ठ वर, बोट ठेवतो आणि विचारतो, हे कोणतं? मूल गप्प. ओठ हळूच हलू लागतात. क ख ग घ पासून सुरुवात करून ते ठ पर्यंत येतं आणि मग उत्तर देतं. म्हणजे त्याला गाणं पाठ आहे, अक्षर ओळखता येत नाही.

या अडचणीवरचा उपाय १६०० वर्षांपूर्वी बेथलेहेमच्या मठात राहणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसाने पत्रात लिहून ठेवला आहे. अक्षरं लाकडाची नाहीतर हस्तिदंताची करून मुलीच्या हातात खेळायला द्या, आणि क्रमाने पाठ झाली की मुद्दाम क्रम मोडून विचारा, म्हणजे ती कानाने नाही तर डोळ्यानेही ओळखेल, असं तो सांगतो. या माणसाचं नाव जेरोम. जगाला तो बायबल लॅटिनमध्ये आणणारा संत म्हणून माहीत आहे. ३० सप्टेंबर हा त्याचा स्मृतिदिन, म्हणूनच तो दिवस आंतरराष्ट्रीय अनुवाद दिन म्हणून पाळला जातो. पण एका लहान मुलीला वाचायला कसं शिकवावं याचा त्याने इतका बारीक विचार केला होता, हे फारसं कुणी सांगत नाही.

आद्य ख्रिस्ती लेखकांचं लेखन, म्हणजे ज्यांना चर्चचे आचार्य म्हणतात त्यांचं साहित्य, म्हणजे नुसती प्रवचनं असणार, आपल्याला त्याचा काय उपयोग, असा समज असतो. या खंडांत प्रवचनं आहेतच, पण पत्रं आहेत, भांडणं आहेत, प्रवासाची वर्णनं आहेत, मृत्युलेख आहेत, आणि आईला लिहिलेलं मुलीच्या शिक्षणाचं वेळापत्रकसुद्धा आहे. धर्म कुठलाही असो, शिक्षणाचा इतिहास वाचायचा तर या कपाटाला वगळून चालत नाही. आज त्यातल्या या एका माणसाची ओळख करून घेऊ. तो फार गोड स्वभावाचा नव्हता, हे आधीच सांगून ठेवते.

जेरोमचा जन्म इ.स. ३४७ च्या सुमारास स्ट्रिडॉन नावाच्या गावी झाला. डाल्मेशिया आणि पॅनोनिया या दोन रोमन प्रांतांच्या सीमेवरचं हे गाव. पुढे गॉथ टोळ्यांनी ते उद्ध्वस्त केलं आणि नेमकी जागाही आज सापडत नाही. घर खाऊनपिऊन सुखी होतं. मुलगा हुशार, म्हणून वडिलांनी त्याला शिकायला रोमला पाठवलं. तिथे त्याला गुरू मिळाले डोनाटस, त्या काळचे नावाजलेले व्याकरणशिक्षक. डोनाटसचं व्याकरण पुढे हजार वर्षं युरोपातल्या शाळांमधून शिकवलं गेलं. चांगला भाषाशिक्षक मिळाला की मूल कुठवर जातं याचं हे एक उदाहरण. व्हर्जिल, सिसेरो, टेरेन्स हे सगळे लॅटिन लेखक जेरोमने तिथे पिऊन टाकले. रविवारी मित्रांबरोबर जमिनीखालच्या काळोख्या भुयारांत जाऊन हुतात्म्यांच्या कबरी बघायच्या, हाही त्याचा एक उद्योग. त्या काळोखाचं त्याने म्हातारपणी केलेलं वर्णन वाचताना अंगावर काटा येतो.

रोममध्येच त्याने बाप्तिस्मा घेतला. आणि तिथेच एक सवय लागली, ती म्हणजे पुस्तकं जमवण्याची. आपण पुस्तक विकत आणतो किंवा पीडीएफ उतरवून घेतो. त्याला पुस्तक हवं असेल तर एकतर कुणाला तरी पैसे देऊन नक्कल करून घ्यायची, नाहीतर स्वतः बसून लिहून काढायची. जर्मनीतल्या आजच्या ट्रिअर शहरात असताना त्याने हिलरी नावाच्या लेखकाचे ग्रंथ स्वतःच्या हाताने उतरवून घेतले, तेही आपल्या रुफिनस या मित्रासाठी. हा रुफिनस लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

इ.स. ३७३ च्या आसपास तो पूर्वेकडे निघाला आणि अँटिऑकला पोचला. घर सोडलं, बहीण सोडली, चांगलंचुंगलं खाणं सोडलं, पण पुस्तकांची पेटी काही सोडवेना. दिवसा उपवास करायचा आणि रात्री सिसेरो वाचायचा. बायबल उघडलं की त्यातली भाषा त्याला ओबडधोबड वाटायची. अशात तो तापाने आजारी पडला. इतका की जगण्याची आशा उरली नाही. त्या तापात त्याला स्वप्न पडलं. न्यायासनापुढे त्याला उभं केलंय आणि विचारणा होतेय, तू कोण? त्याने सांगितलं, ख्रिस्ती. त्यावर त्याला सांगण्यात आलं की तू खोटं बोलतोस, तू सिसेरोचा आहेस. मग फटके बसले. त्याने शपथ घेतली की यापुढे जगातल्या लेखकांची पुस्तकं हातात धरणार नाही. जाग आली तेव्हा खांद्यावर वळ होते, असं तो लिहितो.

ती शपथ पाळली का? काही वर्षं पाळली असावी. पण लहानपणी पाठ केलेलं असं पुसून टाकता येतं होय? व्हर्जिलच्या ओळी त्याच्या लेखणीतून शेवटपर्यंत डोकावत राहिल्या.

त्यानंतर तो सीरियातल्या कॅल्किसच्या वाळवंटात तपश्चर्येला गेला. पुस्तकं बरोबर होतीच. तिथे मन फार भरकटायला लागलं, रोममधल्या गोष्टी डोळ्यांपुढे यायला लागल्या, तेव्हा मनाला काहीतरी अवघड काम द्यावं म्हणून त्याने हिब्रू शिकायला घेतली. ख्रिस्ती झालेला एक ज्यू त्याचा शिक्षक झाला. ज्याने डोनाटसकडे घडवलेलं लॅटिन लिहायचं, तो आता पुन्हा मुळाक्षरांवर आला. घशातून काढायचे उच्चार, सूं सूं करणारे वर्ण. कितीदा कंटाळून सोडून दिलं आणि कितीदा परत सुरू केलं, हे त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे. मला वाटतं, मुलांना अक्षरं कशी शिकवावीत याबद्दल तो पुढे इतका हळवेपणाने लिहू शकला, त्याचं मूळ इथे असावं. मोठेपणी शून्यापासून लिपी शिकलेल्या माणसाला पहिलीतल्या मुलाची दमछाक कळते. आपल्यापैकी कुणी नवीन लिपी शिकायचा प्रयत्न केला असेल तर पटेल.

पुढची काही वर्षं भराभर सांगते. अँटिऑकमध्ये त्याला धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली, कॉन्स्टँटिनोपलला नाझियान्झसच्या ग्रेगरीची प्रवचनं त्याने ऐकली, आणि ३८२ मध्ये तो रोमला परतला. पोप दमासस यांचा तो मदतनीस झाला. लॅटिन शुभवर्तमानांच्या तेव्हा इतक्या वेगवेगळ्या नकला फिरत होत्या की कुठली खरी धरावी कळेना. मूळ ग्रीकशी ताडून त्या सुधारण्याचं काम पोपनी जेरोमला दिलं. पुढे वल्गेट या नावाने ओळखलं जाणारं लॅटिन बायबल इथून सुरू झालं. युरोपात हजार वर्षांहून अधिक काळ हेच बायबल वाचलं गेलं, आणि १४५५ च्या सुमारास गुटेनबर्गने सुट्या खिळ्यांनी छापलेला मोठा ग्रंथ तोही हाच.

रोममध्ये त्याचा एक वर्गही भरायचा, आणि त्यातल्या विद्यार्थिनी होत्या खानदानी घरातल्या स्त्रिया. अॅव्हेंटाइन टेकडीवर मार्सेला नावाच्या विधवा बाईंच्या वाड्यात त्या जमायच्या. मार्सेला प्रश्न विचारून विचारून जेरोमला भंडावून सोडत. उत्तर पटल्याशिवाय मान्य करायचं नाही, असा त्यांचा खाक्या. अशी एक विद्यार्थिनी वर्गात असली तर शिक्षकालाच घरी जाऊन अभ्यास करावा लागतो! याच गटात पॉला नावाची श्रीमंत विधवा होती. तिच्या मुली ब्लेसिल्ला आणि युस्टोकियम.

आणि आता जरा थांबून वाचायची गोष्ट. ब्लेसिल्ला वीसेक वर्षांची. लग्नानंतर काही महिन्यांतच विधवा झाली. मग ती आजारी पडली, आणि बरी झाल्यावर जेरोमच्या शिकवणुकीनुसार तिने कडक व्रतस्थ जीवन सुरू केलं. उपवास, जागरणं, प्रार्थना. हिब्रूसुद्धा ती भराभर शिकली. काही महिन्यांतच, ३८४ मध्ये, ती गेली. अंत्ययात्रेत पॉला बेशुद्ध पडली. जमलेले लोक कुजबुजू लागले की पोरीला उपवासांनी मारलं, या मठवाल्यांना शहराबाहेर हाकला. जेरोमने पॉलाला सांत्वनाचं पत्र लिहिलं. त्यात तो स्वतः रडल्याचं सांगतो, पण पुढे त्या आईलाच इतका शोक करू नये म्हणून बोल लावतो. ते पत्र संग्रहात आहे. मला ते सलग वाचवलं नाही. मूल गमावलेल्या आईशी कसं बोलू नये, याचा तो नमुना आहे.

त्याच वर्षाच्या शेवटी पोप दमासस वारले आणि जेरोमचा आधार गेला. त्याची जीभ आणि लेखणी दोन्ही तिखट. रोमच्या धर्मगुरूंच्या चैनीवर त्याने इतके टोमणे मारले होते की शत्रूंची वाण नव्हती. पॉलाशी त्याचं नाव जोडून वाटेल ते बोललं गेलं. ३८५ मध्ये त्याने रोम सोडलं ते कायमचं. पाठोपाठ पॉला आणि युस्टोकियमही निघाल्या. पॅलेस्टाइन, इजिप्त असा प्रवास करून ३८६ मध्ये ते बेथलेहेमला स्थिरावले. पॉलाच्या पैशातून पुरुषांसाठी एक मठ, स्त्रियांसाठी मठ आणि यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभी राहिली. पॉला आणि युस्टोकियम हिब्रू शिकल्या, आणि पॉला स्तोत्रं मूळ हिब्रूत म्हणायची, उच्चारात लॅटिनचा वाससुद्धा नाही, असं तिचा गुरू अभिमानाने सांगतो. हे वाचताना मला आपल्या पंडिता रमाबाई आठवल्या. केडगावला बसून त्याही हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल मूळ भाषांवरून साध्या मराठीत आणलं.

बेथलेहेममधली ३४ वर्षं म्हणजे जेरोमचं खरं कामाचं आयुष्य. जुना करार त्याने थेट हिब्रूवरून लॅटिनमध्ये आणायला घेतला, आणि ते काम ४०५ च्या सुमारास पूर्ण केलं. एक ज्यू शिक्षक रात्री, लपूनछपून त्याला शिकवायला यायचा, कारण ख्रिस्ती माणसाला शिकवतो हे आपल्या लोकांना कळलं तर खैर नाही ही भीती. एवढ्या कष्टाने केलेल्या कामाचं स्वागत कसं झालं माहीत आहे? उत्तर आफ्रिकेतल्या ओइआ गावी, म्हणजे आजच्या त्रिपोलीत, योनाच्या गोष्टीतला उतारा नव्या भाषांतरातून वाचला गेला. योनाच्या डोक्यावर सावली धरणारा वेल जुन्या भाषांतरात भोपळ्याचा होता, जेरोमने तो आयव्हीचा केला होता. लोक इतके खवळले की बिशपना अनुयायी गमावण्याची पाळी आली. ऑगस्टीनने पत्र लिहून जेरोमला हा किस्सा कळवला आणि उगाच नवीन शब्द कशाला, असं सुचवलं. जेरोमने खरमरीत उत्तर दिलं. पाठ झालेला शब्द बदलला की माणसं का बिथरतात, हे पाठ्यपुस्तक बदलल्यावर पालकसभा घेणाऱ्या शिक्षकाला वेगळं सांगायला नको.

इथेच ३९२-९३ मध्ये त्याने एक छोटं पुस्तक लिहिलं, थोर पुरुषांविषयी अशा अर्थाचं. ख्रिस्ती लोकांत कुणी विद्वानच नाही, असं हिणवणाऱ्यांना उत्तर म्हणून. त्यात १३५ लेखकांच्या छोट्या नोंदी आहेत. सुरुवात प्रेषित पेत्रापासून, शेवट स्वतः जेरोमवर. हो, शेवटची नोंद त्याने स्वतःचीच केली! माणूस कुठला, कोणती पुस्तकं लिहिली, कधी होऊन गेला, एवढंच. फायलो आणि जोसेफस हे ज्यू लेखक, रोमन तत्त्वज्ञ सेनेका, आणि चर्चने पाखंडी ठरवलेले लोकही त्यात आहेत. पाखंड्यांच्या चुका तिथेच का नाही सांगितल्यास, अशी तक्रार परत ऑगस्टीनचीच. पुस्तकाचा बराचसा मजकूर युसेबियसच्या इतिहासातून उचललेला आहे, आणि काही पुस्तकं न वाचताच त्यांची नावं दिलेली आहेत, हे अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. तरीही आद्य ख्रिस्ती साहित्यात कोण कोण आहे हे बघायचं तर आजही इथून सुरुवात करता येते. हरवलेल्या कित्येक पुस्तकांची नावं तरी या यादीमुळे राहिली.

आता रुफिनस. ओरिजेन नावाच्या जुन्या लेखकावरून दोघा मित्रांत वाद पेटला. ओरिजेनचं ज्ञान जेरोमने आयुष्यभर वापरलं होतं, पण त्याच्या मतांवर पाखंडाचा आरोप आला तेव्हा जेरोम पलटला. रुफिनस पलटला नाही. ज्याच्यासाठी एके काळी ग्रंथ हाताने उतरवले त्याच्याविरुद्ध जेरोमने ग्रंथ लिहिले. रुफिनस मेल्यावरसुद्धा त्याला नावं ठेवणं सोडलं नाही. पण या भांडणातून आपल्या उपयोगाची एक गोष्ट कळते. रुफिनसचा आरोप असा होता की हा माणूस शपथ मोडून बेथलेहेमच्या मठात लहान मुलांना व्हर्जिल आणि नाटककार शिकवतो. जेरोमचं त्या स्वप्नाबद्दलचं उत्तर थोडक्यात असं, की स्वप्नातल्या शपथेचा हिशोब कुणी मागतं का! काही असो, वेळ काढून तो पोरांना शिकवत होता हे शत्रूच्याच तोंडून कळतं.

आणि मग साधारण ४०० ते ४०३ च्या दरम्यान रोमहून एक विचारणा आली. पॉलाच्या मुलाची बायको लेटा. तिला मुलगी झाली होती, नाव आजीचंच, पॉला. जन्माआधीच ती देवाला वाहिलेली. हिला वाढवू कशी, असं लेटाने विचारलं. लेटाचे वडील अल्बिनस जुन्या रोमन देवांचे पुजारी. आपली नात या आजोबांच्या मांडीवर बसून बोबड्या बोलात हालेलुया गाते आणि म्हातारा खूष होतो, हे चित्र जेरोमने पत्राच्या सुरुवातीलाच रंगवलं आहे.

अक्षरांच्या खेळण्यांचं मी वर सांगितलंच. पुढचं बघा. थरथरत्या हाताने मूल लेखणी धरायला लागलं की मोठ्याने आपला हात त्याच्या हातावर ठेवून गिरवून घ्यावं. नाहीतर पाटीवर अक्षरं कोरून घ्यावीत, म्हणजे लेखणी त्या खाचेतून फिरेल, बाहेर जाणार नाही. अक्षरं जोडून शब्द केले की बक्षीस द्यावं, त्या वयाला आवडेल असंच. एकटीला शिकवू नये, सोबत मैत्रिणी असाव्यात, म्हणजे चढाओढ लागते. मागे पडली तर रागावू नये, कौतुकाने पुढे न्यावं. जिंकल्याचा आनंद आणि हरल्याचं वाईट वाटलं पाहिजे, पण अभ्यासाचा तिटकारा मात्र बसता कामा नये, कारण लहानपणी बसलेला तिटकारा मोठेपणीही जात नाही. सरावाला शब्द द्यायचे तेही उगाच कुठलेही नकोत. संदेष्ट्यांची, प्रेषितांची नावं द्यावीत, म्हणजे वाचता वाचता पाठांतराची शिदोरी होते. शिक्षक वयाने पोक्त, चारित्र्याने स्वच्छ आणि खरा विद्वान बघावा. अक्षरओळख हे हलकं काम आहे असं विद्वानाने समजू नये, ॲरिस्टॉटलने अलेक्झांडरला मुळाक्षरं शिकवलीच ना, असा दाखला तो देतो. बाळाचे उच्चार सांभाळा, लाडाने अर्धवट शब्द बोलायची सवय लावू नका, हेही सांगायला विसरत नाही.

हे सगळं काही जेरोमच्या डोक्यातून निघालेलं नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला शिक्षक क्विंटिलियन याच्या ग्रंथात हस्तिदंती अक्षरं आहेत, क्रम मोडून विचारणं आहे, खाचेची पाटीही आहे. डी.एड.च्या पुस्तकात आपण फ्रोबेल आणि मॉन्टेसरी घोकतो, पण हे धागे इतके मागे जातात हे तिथे नसतं. क्विंटिलियन मात्र पुढे वक्ते होणाऱ्या मुलांसाठी लिहीत होता. जेरोमने तेच सारं एका मुलीसाठी मागितलं, आणि वर ग्रीकही आधी शिकवा, लॅटिन लगेच मागोमाग, असं सांगितलं.

इथेच पत्र संपलं असतं तर आपण ते कार्यशाळेत डोळे झाकून वाटलं असतं. पण पत्र पुढे आहे, आणि ते वाचायलाच हवं. मुलीचे कान टोचू नका, केस रंगवू नका. बासरी, वीणा कशासाठी असतात हेही तिला कळू नये. आईशिवाय बाहेर जाऊ नये. एखाद्या दासीशी जास्त जवळीक नको. जेवण भाजी-भाकरीचं, कधीमधी छोटा मासा. लहान वयात फार ताणू नका एवढी सवलत तो देतो, पण मोठी झाल्यावर तिने आंघोळसुद्धा टाळावी, स्वतःचं शरीर बघायलाही लाजावं, असं त्याचं म्हणणं. रेशीम आणि रत्नांऐवजी तिने पुस्तकांवर प्रेम करावं. पुस्तकंही सोनेरी नक्षीची नकोत, शुद्ध मजकुराची हवीत. वाचायचा क्रम ठरलेला. आधी स्तोत्रसंहिता, मग नीतिसूत्रे, उपदेशक, ईयोब, मग शुभवर्तमानं. गीतरत्न सगळ्यात शेवटी. नंतर सिप्रियन, अथनासियसची पत्रं, हिलरी. म्हणजे आद्य ख्रिस्ती साहित्याचा अभ्यासक्रमच म्हणा ना.

एकाच पत्रात हे दोन्ही. अक्षर चुकलं तर रागावू नका म्हणणारा माणूस त्या मुलीच्या आयुष्यातला प्रत्येक तास आधीच वाटून मोकळा झाला आहे. शिकवण्याची रीत मायेची असली म्हणजे शिकवणाऱ्याने मुलीसाठी ठरवलेलं आयुष्यही मायेचं असतं असं नाही. आपणही मुलांना खेळीमेळीने शिकवतो आणि कुठल्या स्पर्धा परीक्षेला बसवायचं ते पाचव्या वर्षी ठरवून ठेवतो, तेव्हा जेरोमला फार हसायला नको. लेटा ही ब्लेसिल्लाची भावजय. पत्र हातात घेताना तिला नणंदेची आठवण झाली नसेल असं मला वाटत नाही.

पत्राच्या शेवटी तो म्हणतो की रोममध्ये हे जमत नसेल तर पोरीला माझ्याकडे पाठव. मी म्हातारा तिला खांद्यावर घेईन, तिचे बोबडे बोल सुधारेन, अलेक्झांडरच्या गुरूपेक्षा मला त्याचा जास्त अभिमान वाटेल.

हा संग्रह आपल्यापर्यंत कसा आला तेही सांगते. जेरोमच्या नावावर मध्ययुगात कितीतरी खोटी पत्रं खपवली गेली होती. १५१६ मध्ये बाझेल शहरात फ्रोबेन या मुद्रकाने त्याचं समग्र लेखन नऊ खंडांत छापलं. पत्रांचं काम इरॅस्मसने केलं, खरी-खोटी वेगळी काढली, आणि दंतकथा बाजूला ठेवून जेरोमच्याच लेखनावरून त्याचं चरित्र लिहिलं. एकोणिसाव्या शतकात मिन्य या फ्रेंच धर्मगुरूने लॅटिन आचार्यांचे २१७ खंड काढले, त्यात २२ ते ३० हे जेरोमचे. निवडक पत्रांचं इंग्रजी भाषांतर १८९३ मध्ये आलं. त्याचे हक्क केव्हाच संपल्यामुळे ते मोफत वाचता येतं. लेटाचं पत्र १०७ व्या क्रमांकाचं. जमल्यास १२८ वंही वाचा, तेही अशाच एका छोट्या मुलीबद्दल. त्यात मधाच्या वड्या, फुलं आणि बाहुल्या यांचं आमिष दाखवून अक्षरं गिरवून घ्यायला सांगितलं आहे.

ते १२८ वं पत्र ४१३ च्या सुमाराचं. मधल्या काळात खूप काही घडलं होतं. ४०४ मध्ये थोरली पॉला गेली. ४१० मध्ये गॉथांनी रोम लुटलं. मार्सेलाबाईंना सैनिकांनी मारहाण केली, थोड्याच दिवसांत त्या वारल्या. कालपर्यंत वाडे असलेली माणसं बेथलेहेमच्या धर्मशाळेत भीक मागत आली, आणि जेरोमने हातातलं लिखाण बाजूला ठेवून त्यांची सोय बघितली. रात्री दिव्याच्या उजेडात हिब्रू अक्षरं आता दिसत नाहीत, अशी तक्रार तो करायला लागला. ४१६ मध्ये जमावाने मठांवर हल्ला केला, इमारती जाळल्या, एक जण मारला गेला.

त्या हल्ल्याची तक्रार रोमच्या पोपकडे गेली ती दोघींच्या नावाने, युस्टोकियम आणि धाकटी पॉला. म्हणजे लेटाने मुलीला पाठवलं होतं. त्यानंतर दोन-तीन वर्षांत युस्टोकियमही वारली. ३० सप्टेंबर ४२० रोजी जेरोम गेला, तेव्हा मठ सांभाळायला धाकटी पॉला उरली होती. वय जेमतेम विशीचं.